सहा भोंग्यांची बाग

“तो पक्षी आधी बंद करा!”

शिडीवर चढलेल्या माणसाने खाली पाहिलं. खाली एक बाई उभी होती. कडेवर तीन-सव्वातीन वर्षांची मुलगी, खांद्यावरून घसरत असलेली पर्स, आणि चेहऱ्यावर असा राग की त्याने नकळत शिडी घट्ट धरली.

“कंचा पक्षी, मॅडम?”

“हा! गेला अर्धा तास किंचाळतोय तो!”

“पक्षी नाय तो. भोंगा हाय.”

“ते कळतंय मला. भोंगा आहे म्हणूनच बंद करा म्हणतेय. खरा पक्षी असता तर मी कशाला बोलले असते?”

तो हसला. आणि इथेच त्याचं चुकलं, कारण त्या बाईला, उर्वीला, ती चिडलेली असताना कुणी हसलेलं मुळीच चालत नसे.

“हसू नका! हा पक्षी रायगड जिल्ह्यात आजवर कुणी पाहिलेला नाही. हा युरोपातला नाइटिंगेल आहे. पेणच्या बागेत याचं काय काम?”

“म्हंजे पावणा हाय म्हणा की.”

“पाहुणा आहे ना? मग दोन दिवसांनी जाईल का?”

शिडीवरच्या माणसाने डोकं खाजवलं. त्याच्या खिशावर भरतकामाने ‘आदेश साऊंड, रोहा’ असं लिहिलेलं होतं, आणि तोच तो आदेश होता. लग्नं, हळदी, गणपतीची मंडळं, सगळीकडे त्याचेच भोंगे असत. मोठ्या आवाजाबद्दल त्याने आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती. पण चुकीच्या देशाच्या पाखराबद्दल ही पहिलीच वेळ.

मग त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. तिने दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबून धरले होते आणि डोळे मिटून घेतले होते. आदेशचं हसू गेलं. तो भराभर खाली उतरला, डब्यातली वायर ओढली, आणि बाग एकदम गप्प झाली.

“कान दुखतात का हिचे?”

“नाही,” उर्वी म्हणाली. आणि परक्या माणसाला हे आपण का सांगतोय असं वाटत असतानाच सांगून बसली, “ती... बोलत नाही अजून.”

ही गोष्ट कळली की लोक काय करतात ते उर्वीला पाठ होतं. खाली वाकायचं, गालाला हात लावायचा, आणि मोठ्याने म्हणायचं — बोल ना बाळा, बोल! शेजारणी म्हणत, रिक्षावाले म्हणत, तिची स्वतःची आई आनंदीबाई दिवसातून पन्नास वेळा म्हणत असे. उर्वी त्या ‘बोल’ची वाट पाहत ताठ उभी राहिली.

आदेश काहीच म्हणाला नाही. त्याने नुसता खिशातून रुमाल काढून मुलीचं गळणारं नाक पुसलं आणि परत शिडीकडे वळला.

उर्वीच्या रागात तेवढीच एक बारीकशी फट पडली. पण तिने ती लगेच बुजवली.

* * *

रागवायला तिच्याकडे कारणं भरपूर होती. सकाळच्या सत्रात ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचं, दुपारी लेकीला, अनन्याला, घेऊन बसायचं, चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची, आणि त्या इवल्या ओठांकडे टक लावून बघत राहायचं. हलले का? आता हलले का? डॉक्टर म्हणाले होते, कान उत्तम आहेत, घाई करू नका, शांत जागी नेत जा. नवऱ्यापासून दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली तेव्हापासून हे सगळं बघणं एकटीचंच. रात्री झोपलेल्या लेकीचा श्वाससुद्धा ती मोजायची.

आणि मग तिला ही तळ्याकाठची बाग सापडली होती. बाग म्हणजे काय, चार बाक, कमळांनी भरलेलं तळं, आणि एक थोरला उंबर. पण त्या उंबराखाली बसलं की डोक्यातला गुंता आपोआप सैल व्हायचा. कोपऱ्यात पाणी झिरपत असायचं, पानांआडून तांबट पक्षी टुक-टुक-टुक करत राहायचा, सातभाई पाखरांची भांडणं चालायची. उर्वीचे खांदे, जे दिवसभर कानांना चिकटलेले असत, ते खाली यायचे. आणि अनन्या! महिन्याभरापूर्वी, तांबट टुक-टुक करून थांबला, तेव्हा अनन्याने ओठ पुढे काढून हळूच उत्तर दिलं होतं — “तू... तू... तू...”

उर्वी तिथेच बाकावर रडली होती. आवाज न करता, कारण आवाज केला असता तर ती थांबली असती.

आणि आता तिथे भोंगे!

बाग सांभाळणाऱ्या निसर्गस्नेह मंडळाचे अध्यक्ष गुणाजीराव यांनी कुठेतरी वाचलं होतं की पाखरांचे आणि पाण्याचे आवाज ऐकले की शहरातल्या माणसाचा शीण जातो. वाचलं ते खरंच होतं. पण त्यावरून त्यांनी उंबराच्या फांद्या छाटून सहा खांब रोवले, आणि खांबांवर सहा भोंगे.

उर्वी अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी चहा मागवला.

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. लोकांना शांतता ऐकवायची, तर भोंगा नको का?”

“शांतता आहेच हो तिथे! ऐकवायची कशाला?”

“आहे, पण बारीक आहे,” गुणाजीराव म्हणाले. “मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही.”

उर्वी चहा न पिता उठली. चालत घरी येईपर्यंत, आणि नंतर रात्रीचं जेवण होईपर्यंत, ती त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होती.

* * *

उद्घाटन रविवारी होतं. तोवर भोंगे तपासायचं काम होतं आदेशकडे, आणि तपासायचे कधी हेही त्याच्याच हातात. दुसऱ्या दिवशी उर्वी धसमुसळ्या पावलांनी बागेत शिरली तर बाग गप्प. तो खांबाला टेकून वायरी गुंडाळत होता.

“आज पाहुणा गेला वाटतं?”

“तुम्ही येता तेव्हा त्याला जेवायला पाठवतो.”

तिने हसू दाबलं. “उपकार नका करू. कायमचा पाठवा.”

“ते माझ्या हातात नाय, मॅडम. रविवारी आवाजाच्या पेटीला कुलूप लागणार, चावी गुणाजीरावांकडं. पण...” तो जरा घुटमळला. “त्या पाखराच्या जागी इथलीच पाखरं घातली तर? बारीक आवाजात?”

“खरा तांबट उंबरावर आणि खोटा खांबावर? मग खऱ्याने काय करायचं? राजीनामा द्यायचा?”

“मला तांबट कसा असतो तेच ठाऊक नाय,” तो म्हणाला, इतक्या सरळपणे की तिने पर्स बाकावर ठेवली.

“बसा,” ती म्हणाली. कॉलेजात म्हणते तशीच. तो बसला. “डोळे मिटा. काय ऐकू येतंय?”

“वेफर्स खातंय कुणीतरी.”

“आणखी?”

“रिक्षा. ...कुठंतरी पाण्याचा पंप चालू हाय. टुक, टुक, टुक.”

“तोच तांबट!”

त्याने डोळे उघडले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “दहा वर्षं आवाजाचा धंदा करतोय मी,” तो पुटपुटला. “पंप म्हणालो!”

त्या दिवशी उर्वी पहिल्यांदा त्याच्यासमोर मोकळी हसली. आणि मग, आपण हसलो हे लक्षात येऊन, पर्समध्ये काहीतरी शोधू लागली... जे त्यात नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी कुंपणाजवळून खोल, घुमणारा आवाज आला — हूप, हूप, हूप. आदेशने हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

“हा येतो मला! कुकुडकोंबा!”

“भारद्वाज,” उर्वी म्हणाली.

“पुस्तकात असंल. आमच्याकडं कुकुडकोंबा. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात.”

“आत्ता संध्याकाळ आहे.”

“मग उरलेला दिवस चांगला जाईल,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

“कु,” कुणीतरी म्हणालं.

दोघांनीही एकदम खाली पाहिलं. अनन्या मातीत फतकल मारून बसली होती, आणि कुंपणाकडे बोट दाखवत होती. “कु... कु...”

उर्वीने श्वास रोखून धरला. पुढे वाकून ‘बोल, अनू, बोल’ म्हणायला ओठ उघडलेच होते, तेवढ्यात आदेशने अगदी हलकेच तिच्या मनगटाला बोट लावलं. थांबा. ती थांबली. पाखरू उडून गेलं, अनन्या पुन्हा मातीत रमली, आणि मनगटावरची ती जागा मात्र उर्वीला पुढे कितीतरी वेळ वेगळी जाणवत राहिली.

“मी रोह्याला जाऊन नदीवर पहाटे आवाज भरतो,” तो जाताना म्हणाला. “इथलेच. तुमच्या पोरीला घाबरवणार नाय, एवढं नक्की.”

“तरीही मला ते भोंगे मान्य नाहीत!”

“ठाऊक हाय,” तो म्हणाला. “तुम्ही रागावतच राहा.”

* * *

रविवारी सकाळी बागेत दीडेकशे खुर्च्या. आनंदीबाई नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या, उर्वी तोंड फुगवून त्यांच्या शेजारी, अनन्या मांडीवर. गुणाजीरावांनी फीत कापली, आदेशने पेटीतला खटका दाबला, पेटीला कुलूप लागलं आणि चावी अध्यक्षांच्या खिशात गेली.

आणि खरं सांगायचं तर आवाज सुंदर होते. नदीची खळखळ, दयाळ पाखराची शीळ, सगळं खालच्या पट्टीत. अनन्याने कान झाकले नाहीत. उर्वीने चोरून आदेशकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता. तिने झटकन मान फिरवली.

हारतुऱ्यांत पाव तास गेला, मग गुणाजीराव भाषणाला उभे राहिले. “बंधू-भगिनींनो, आजच्या धावपळीत माणसाला हवी आहे ती शांतता...”

“काय रं आदेश,” सहाही भोंगे म्हणाले, “हितं थंडीत काय बसलास? न्याहारी नाय करायची?”

गुणाजीराव थांबले. लोकांनी वर पाहिलं.

“आवाज भरतोय, आये. थांब, बंद करतो.” टक्क — बटण दाबल्याचा आवाज. कुठलं तरी भलतंच बटण असणार, कारण रेकॉर्डिंग बंद झालंच नव्हतं. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगची पहिली दहा मिनिटं ऐकून आदेशने ते तसंच पेटीत घातलं होतं. दहा वर्षं दुसऱ्यांना ‘माइक बंद केला का बघा’ म्हणून ओरडणारा माणूस!

“पाखरांचा आवाज भरतोस, का त्या पेणच्या मॅडमचा?” आई म्हणाली.

आदेश पेटीकडे धावला. कुलूप. तो गुणाजीरावांकडे धावला. गुणाजीराव आपले खिसे चाचपू लागले. कोटाला पाच खिसे होते.

“आये, ती रागावते ना...” सहा भोंग्यांतून आदेशचा आवाज, हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखा. “तेव्हा वाटतं, असंच बोलत राहावं तिनं. आन् पोर हाय तिची एक. गुणी. तिला बोलताना ऐकायचंय मला. एकदा ऐकलं ना, मग काय नको.”

“नवरा हाय का रं तिला?”

“सोडलाय तिनं. तीच म्हणाली परवा.”

दीडशे माना उर्वीकडे वळल्या. उर्वीच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. तिचं आयुष्य, तिचं घर, तिचं मोडलेलं लग्न, सगळं खांबावर टांगलेलं!

“मग इचार की तिला!”

“नाय गो आये. शिकलेली बाय ती. मी भोंगेवाला. ती नायच म्हणंल...”

इथे आदेशने कुलुपाचा नाद सोडला आणि वायरच तोडली. सगळं चिडीचूप. कुणीतरी खोकलं. उर्वी उठून उभी राहिली, आयुष्यातलं सर्वांत मोठं भांडण करायला. आणि तिच्या लक्षात आलं, मांडीवर अनन्या नाही.

अनन्या खांबापाशी होती. मान पार मागे टाकून, गप्प झालेल्या भोंग्याकडे बघत. तिने खांबाला एक चापट मारली. दुसरी मारली. मग कमरेवर हात ठेवून, चांगली खणखणीत ओरडली —

“बोल!”

तिने खांबाला आणखी एक चापट मारली.

“बोल! बोल ना! बोल!”

आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला. उर्वी धावली, लेकीला उचलून छातीशी धरलं, आणि तिच्या केसांत तोंड लपवून हुंदके देत राहिली. मान वर केली तेव्हा आदेश शिडी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडत होता. त्याला वाटलं होतं, ती रागाने रडतेय.

* * *

दुसऱ्या दिवशी कॉलेजची वीस-पंचवीस पोरं बागेत येऊन ‘ते प्रेमाचं रेकॉर्डिंग लावा ना’ म्हणून बसली. तिसऱ्या दिवशी पन्नास. चौथ्या दिवशी गुणाजीरावांनी भोंगे उतरवायला दुसराच माणूस बोलावला. तांबट परत आला.

उर्वीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती उंबराखाली बसायची आणि मनातल्या मनात धुमसत राहायची. अनन्या रोज रिकाम्या खांबापाशी जाऊन वर बघायची. आठवड्यात तिचे चार शब्द झाले होते. त्यातला एक होता ‘नाय’. आनंदीबाई वैतागायच्या, “अगो, नाय काय? नाही म्हण!” त्यावर अनन्या म्हणायची, “नाय!”

शनिवारी उर्वीने आदेशला फोन लावला.

“उद्या आहात का? भांडायला येतेय मी.”

पलीकडे त्याने आवाज एकदम खाली आणला. “...घरी नको. आये हाय. नदीवर या.”

मेमू गाडीने नागोठणं मागे टाकलं तोवर तिची वाक्यं तयार होती. रोह्यात कुंडलिकेच्या काठी तो पायरीवर बसलेला होता, आणि आये नको म्हटलं तरी आलेली होतीच. त्या आयेने, सरूबाईंनी, उर्वीला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं, “ये गो बाय,” म्हणाल्या, आणि अनन्याला बोट धरून पाण्यात खडे टाकायला घेऊन गेल्या. जाता जाता मागे वळून दोनदा बघितलं.

उर्वी बसली नाही.

“एक. माझा नवरा मी सोडलाय की ठेवलाय, हे गावाला सांगायचं काम तुमचं नव्हतं.”

“चुकलं, मॅडम. लई चुकलं.”

“दोन. माझी मुलगी बोलली! तुम्हाला ऐकायचं होतं ना? आणि तुम्ही शिडी घेऊन पळालात! आठवडाभर ती खांबाला विचारतेय. एक फोन नाही!”

“मला वाटलं, तुम्ही तोंड बघणार नाय माझं.”

“हेच! हेच तीन!” तिचा आवाज चढला, पाण्यावरचा खंड्या उडाला. “ ‘ती नायच म्हणंल.’ कुणी सांगितलं तुम्हाला? मला विचारलंत? शिकलेली आहे म्हणून माझं उत्तरही तुम्हीच ठरवणार? लग्न मोडलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या वतीने बोलून घेतलं. मामांनी, वकिलांनी, त्याच्या घरच्यांनी. मला वाटलं होतं, एक माणूस भेटला जो गप्प बसून ऐकतो. आणि तोही माझ्या वतीने ‘नाय’ म्हणून मोकळा!”

आदेश उभा राहिला. आवाज निघाला तो जेमतेम कुजबुजीएवढा. दीडशे खुर्च्यांना पुरेल असा आवाज सहज काढणारा माणूस तो.

“मग...” त्याने शर्टाची बाही सारखी केली. “विचारू?”

“पेणहून मी वारा खायला आलेय का?”

तो एक पायरी खाली आला. तिच्या बरोबरीला. नदी वाहत होती, पलीकडच्या झाडीत वारा शिरला होता, आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक आवाजात, त्याने विचारलं.

उर्वीला शब्द न् शब्द ऐकू आला.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. कान लाल.

“नदीचा आवाज फार आहे. पुन्हा.”

“मॅडम...”

“आणि ते मॅडम काढा त्यातून.”

“उर्वी,” तो म्हणाला. आणि तिसऱ्यांदा विचारलं. पूर्ण, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत.

खालच्या पायरीवर अनन्या आणि सरूबाई खड्यांवरून काहीतरी हुज्जत घालत होत्या. उर्वीने तिकडे एकदा पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओठ हलतात का ते न तपासता. मग ती त्याच्याकडे वळली, आणि जे सांगायचं ते इतक्या हळू सांगितलं की शेजारच्या पायरीवरसुद्धा पोचलं नसतं.

आदेशचा चेहरा उजळत गेला. मग त्याने कानामागे हात धरला.

“ऐकू नाय आलं.”

“आदेश!” ती कडाडली.

“हां,” तो पायरीवर मांडी घालून बसत म्हणाला, “आता कसं, आलं ऐकू.”